हिरड्यांच्या रंगाचा कॅमेरा

"प्रकाशाला मरण नाही! मरते ती फिल्म. आणि मेलेल्या कॅमेऱ्यात नव्या फिल्मचा प्राण फुंकणं, मेव्हणे, हे माणसाच्याच हातात आहे!"

आमच्या भाऊजींनी हे उद्गार काढले तेव्हा त्यांच्या ओठांत तीन स्क्रू धरलेले होते. उद्गार संपले तेव्हा दोन उरले.

तिसरा गिळला की पडला, यावर घरात चर्चा झाली. "पडला असेल तर आत्ता केर काढते," अक्का म्हणाली, "आणि गिळला असेल तर उद्या तुमचं तुम्ही बघा." स्क्रू संध्याकाळी भाऊजींच्या चपलेत सापडला. तोवर त्यांनी दार लावून पोटावरून लोहचुंबक फिरवून पाहिलं होतं. लोहचुंबक काही बोललं नाही, असं त्यांनी मला खासगीत सांगितलं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा जन्म कवळ्या बनवण्यात गेला. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि भाऊजी मागच्या खोलीत बसून त्या साच्यांवर दात उगवायचे. अर्ध्या शहराचं हसू आपल्या हातचं आहे, असं ते म्हणतात. उरलेल्या अर्ध्या शहराला अजून स्वतःचे दात आहेत, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

अक्का शाळेत मुख्याध्यापिका. शनिवारी ती निवृत्त व्हायची होती आणि घरात जो काही गोंधळ चालला होता तो त्याच शनिवारचा.

झालं होतं असं. शाळेच्या व्हरांड्यात माजी मुख्याध्यापकांच्या फोटोंची रांग आहे. सगळे गृहस्थ मधल्या सुट्टीची घंटा व्हायची वाट पाहत असल्यासारखे समोर बघतात. रांगेच्या शेवटी अक्कासाठी नवी चौकट आधीच टांगून ठेवलेली होती. आत फोटो नव्हता. मुलं येता-जाता तिच्या काचेत बघून भांग पाडत. एका अर्थी शाळेतली ती सर्वांत उपयोगी चौकट होती, पण असं बोलून दाखवायची सोय नव्हती.

अडचण अशी की अक्काला स्वतःचा कुठलाच फोटो पटत नाही. पटत नाही म्हणजे तो तिचा आहे हेच तिला मान्य नसतं. लग्नानंतर फोटोंचा अल्बम आला तेव्हा पहिलंच पान उघडून तिने नव्या नवऱ्याला विचारलं होतं, "अहो, तुमच्याशेजारी ही कोण बसलीय?" भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून आजवर तिचं एकच म्हणणं आहे: "ही मी नाही. ही कुणीतरी माझी नक्कल करतेय, आणि तीसुद्धा नीट जमत नाहीये."

या वेळी स्टुडिओवाल्याकडे जाऊन झालं होतं. त्या भल्या माणसाने आदरापोटी तिच्या सगळ्या सुरकुत्या संगणकावर पुसून टाकल्या. अक्काने तो फोटो तिथल्या तिथे परत केला. "या सुरकुत्या मला आठवी ब ने दिल्यात," ती म्हणाली. "त्यांना विचारल्याशिवाय तुम्ही पुसणारे कोण?"

मग शाळेचे लिपिक घरी आले. त्यांना सगळे 'तातडी' म्हणतात, कारण त्यांचं कुठलंही वाक्य त्याच शब्दाने सुरू होतं.

"तातडीने फोटो हवाय, बाई. नाहीतर वरून सांगितलंय की सहलीतला मोठा करून लावा."

"सहलीतला कुठला?"

तातडींनी तो आणलाच होता. तळ्याच्या कठड्यावर चढलेल्या कुणा कार्ट्याला अक्का खाली उतरायला सांगत होती तो क्षण. हात हवेत, डोळे कपाळात आणि तोंड असं उघडलेलं की पडजीभसुद्धा फोटोसाठी तयार होऊन उभी आहे. भाऊजींनी तो उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला. बायकोचं सांत्वन करायची ही वेळ होती.

"वरची डावी दाढ भरून घ्यायला हवी," ते म्हणाले.

अक्का नुसती खुर्चीत बसली, आणि तेव्हा मला कळलं की गोष्ट थट्टेच्या पलीकडे गेलीय. जन्मभर जिने पोरांना 'हळू बोला' सांगितलं, ती त्याच पोरांच्या डोक्यावर कायमची ओरडत टांगली जाणार होती. पोरांची पोरं आली असती तरी तिचं तोंड मिटणार नव्हतं.

"मी फोटोला नाही म्हणत नाही," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्यासमोर काढायचा. माझ्यासमोर उमटला पाहिजे. मध्ये कुणाचा हात लागता कामा नये. आणि तो माझा असला पाहिजे."

"तातडीने," तातडी म्हणाले आणि गेले.

त्यावर भाऊजी उठले, स्टूल घेतलं आणि कपाटावरून जुना कॅमेरा उतरवला. लग्नानंतरच्या पहिल्या उत्साहात घेतलेला, घडीचा. कळ दाबली की पुढचा भाग पेटीच्या भात्यासारखा उलगडत बाहेर येतो. त्या काळी फोटो काढला की कागदाची शेपटी धरून ओढायची, थोडं थांबायचं आणि वरचं पापुद्र्यासारखं सोलून टाकायचं, की फोटो तयार. जादूच होती. पुढे ती फिल्म बनणंच बंद झालं आणि कॅमेरा कपाटावर गेला. त्यावर अक्का उशांचे जादा अभ्रे ठेवत असे, त्यामुळे त्याला थंडी अशी कधी वाजली नाही.

"पण याची फिल्म मिळत नाही ना?" मी विचारलं.

"याची नाही मिळत. नव्या कॅमेऱ्यांची मिळते. ती याच्यात घालायची."

"बसेल?"

"मेव्हणे, लोकांच्या तोंडात मी परके दात बसवले. ह्याला काय झालंय?"

इथेच ते प्रकाशाच्या अमरत्वाबद्दल बोलले आणि एक स्क्रू गमावून बसले.

नवी फिल्म वेगळ्या जातीची. ती सोलायची नसते. फोटो काढला की कागद दोन रुळांच्या मधून पिळून बाहेर यावा लागतो. पिळताना त्याच्या कडेला असलेली औषधाची पुडी फुटते, औषध सगळीकडे सारखं पसरतं आणि मग आपोआप चित्र उमटतं. हे रूळ आमच्या भाचीच्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यात होते. ती परगावी असते. तिला फोन करून परवानगी विचारली तेव्हा तिने "बाबा, आई ठीक आहे ना?" एवढंच विचारलं, आणि तेसुद्धा दोनदा.

रूळ निघाले, पण ते आणि फिल्मची डबी जुन्या कॅमेऱ्याच्या पाठीला जोडायला एक खोका लागणार होता. उजेडाचा कणही आत न जाऊ देणारा. लोक तो धातूचा करतात, लाकडाचा करतात. भाऊजींनी हाताशी होतं त्याचा केला. कवळीच्या ॲक्रिलिकचा.

ज्यांनी कवळी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो की हे ॲक्रिलिक गुलाबी असतं. निरोगी हिरडीचा असतो तो नेमका गुलाबी, आत बारीक लाल रेषांसकट. पुढून तो कॅमेरा काळ्या कातडीचा, रुबाबदार, एखाद्या जुन्या वकिलासारखा दिसे. मागून बघितलं तर वकील हसल्यासारखा वाटे. रूळ फिरवायला भाऊजींनी बाजूला एक दांडी बसवली आणि दांडीला मूठ म्हणून एक दाढ.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"एका मामलेदारांसाठी केली होती. घ्यायला आलेच नाहीत."

"म्हणजे आता फोटो काढताना दर वेळी मामलेदारांची दाढ पिळायची?"

"अगदी पकड येते हो हाताला. धरून बघा."

धरून बघितली. खरंच पकड येत होती.

पहिला फोटो पूर्ण काळा आला. भाऊजी म्हणाले, कॅमेरा अजून झोपेत आहे. दुसरा पांढरा आला, कारण खोक्याच्या कोपऱ्यातून उजेड शिरत होता. भाऊजींनी तिथे आणखी थोडी हिरडी भरली. तिसऱ्याला मी चहाचा कप हातात घेऊन समोर बसलो. त्यांनी कळ दाबली, दाढ फिरवली, आणि कर्रकर्र आवाज करत कागद बाहेर आला. त्यांनी तो झटकन काखेत धरला.

"काखेत का?"

"ऊब लागते. चित्र चांगलं उमटतं."

अशा रीतीने माझं चित्र भाऊजींच्या काखेत उमटलं. बाहेर काढलं तेव्हा त्यात मी होतो! थोडा धुरकट होतो. खोका बनवताना मापं केसाइतकी अचूक घेतली होती, पण ॲक्रिलिक सुकताना किंचित आकसतं, आणि ते 'किंचित' बरोबर माझ्या नाकावर आलं होतं. पण मी होतो. भाऊजींचे डोळे भरून आले. माझा फोटो बघून कुणाचे डोळे भरून यायची ती पहिलीच वेळ.

"काय देखणं आलंय! मात्र तुम्ही डावखुरे आहात हे मला माहीत नव्हतं."

"मी डावखुरा नाही."

"कप डाव्या हातात आहे."

"कप उजव्या हातात होता. आणि हे बघा, शर्टाचा खिसाही भलत्या बाजूला गेलाय."

"समोरच्या माणसाचं डावं आपल्या उजवीकडेच यायचं, मेव्हणे. इतकी वर्षं हेच करतोय मी. मला शिकवू नका."

इथे त्यांचा धंदा आडवा आला. कवळीवाला आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात समोरून बघतो. साचा उलटा, त्यावरचा ठसा सुलटा, रोग्याची डावी दाढ याच्या उजव्या हाताला. असं उलटसुलट करता करता त्या माणसाचं डावं-उजवं कायमचं सैल होऊन जातं. साध्या डोळ्याला जे पहिल्या नजरेत खटकलं असतं, ते भाऊजींच्या नजरेतून आरामात घरंगळत गेलं.

मी वाद घातला नाही. त्यांच्या खोलीच्या दारावर त्यांच्याच हस्ताक्षरात पाटी आहे, 'येथे दात बनवून मिळतील'. म्हटलं, "हिचा एक काढा." त्यांनी काढला, काखेत धरला, बाहेर काढून वाचायला गेले आणि वाचता येईना. त्यांनी तो फोटो फिरवून बघितला, उलटा धरून बघितला, चष्मा पुसून बघितला. शेवटी आरशासमोर धरला. आरशात लख्ख वाचता आलं.

भाऊजी मटकन खाली बसले.

"आरसा," ते म्हणाले. "नव्या कॅमेऱ्यांच्या पोटात आरसा असतो. ही फिल्म त्या आरशाच्या हिशोबाने बनवलेली असते. आपल्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. म्हणजे सगळं उलटं येणार."

"मग बसवा एक आरसा."

"कुठे बसवू? त्याचं पोट फाडावं लागेल. आठवडाभराचं काम आहे. आणि उद्या शनिवार!"

मी त्यांना सांगून पाहिलं की माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी साधारण सारखाच असतो, उलटा आला तर कोण बघतंय? त्यावर ते असे माझ्याकडे बघत राहिले की जणू मी कवळी उलटी बसवा म्हटलं होतं.

"तिची डावी भुवई वर जाते," ते हळूच म्हणाले. "नेहमी डावीच. उलट्या फोटोत उजवी जाईल. ती म्हणेल, ही मी नाही." मग थोडं थांबून, "या वेळी तिचं बरोबर असेल हो. आजवर निदान चूक तिची होती."

मला त्या माणसाची दया आली. लग्नाच्या अल्बमच्या पहिल्या पानापासून तो एकच वाक्य ऐकत आला होता.

शनिवारी सकाळी तातडी आले ते सहलीचा फोटो मोठा करूनच. चौकटीच्या मापाचा. कागदात गुंडाळलेला होता, तरी त्यातून ओरडण्याचा भास होत होता. "तातडीने सांगतो, बाई, कार्यक्रम दुपारी आहे. दुसरा काही असेल तर आत्ताच द्या."

अक्का खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली. खिडकीचा उजेड चष्म्याच्या काचांवर चमकायला लागला, म्हणून भाऊजींनी तो काढायला सांगितला. तिने तो काढून त्यांच्याच हातात दिला आणि त्यांनी तो खिशात टाकला. मग ती ताठ बसली. मुख्याध्यापक बसतात तशी नाही. दातांच्या डॉक्टरकडे बसतात तशी.

"हसू का?"

"नको," मी म्हणालो.

"तू गप्प बस रे, बाळ्या. यांना विचारतेय."

"तुला वाटेल तसं बस," भाऊजी म्हणाले. "पण एक सांगायचंय तुला. हा फोटो जरा..."

"जरा काय?"

"जरा वेगळा येईल."

"वेगळा म्हणजे?" आणि अक्काची डावी भुवई वर गेली.

भाऊजींनी कळ दाबली.

भाऊजींवर मी जन्मभर टीका केली आहे आणि पुढेही करणार आहे, पण तो क्षण त्यांनी अचूक पकडला. मग दाढ फिरली, कर्रकर्र आवाज झाला, तातडी दोन पावलं मागे सरकले आणि कागद बाहेर आला. भाऊजींनी तो काखेत घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तातडींनी "तातडीने..." म्हटलं, पण पुढे काय म्हणायचं ते त्यांनाही सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने भाऊजी वळले. त्यांनी फोटोकडे एक नजर टाकली. नापास झालेला पोरगा प्रगतिपुस्तक देतो तसा त्यांनी तो अक्काच्या हातात दिला.

अक्का बघत राहिली. फोटो जवळ धरला, लांब धरला. मी मनातल्या मनात तिच्याआधीच ते वाक्य म्हणून टाकलं: ही मी नाही.

"अगंबाई," ती म्हणाली.

तिने फोटो खिडकीच्या उजेडाकडे वळवला.

"अहो, ही मी आहे."

"काय?" भाऊजी.

"ही मीच आहे! ही बघा भुवई, जिथल्या तिथे. हा भांग. रोज सकाळी तोंड धुताना बेसिनच्या आरशात भेटते ती हीच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हिला धरलं बघा!"

माझ्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. स्वतःचा चेहरा बाईने जन्मभर आरशात पाहिलेला. तिथे डाव्या भुवईची जागा डावीकडे. जगातला प्रत्येक फोटो ती भुवई उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवत होता, आणि अक्का बिचारी खरं तेच सांगत होती की ही कुणीतरी दुसरीच आहे. आमच्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा नव्हता, म्हणूनच तिचा आरसा त्यात आला होता.

भाऊजींना हे कळलं की नाही, सांगता येत नाही. ते फक्त बायकोच्या तोंडाकडे बघत होते आणि ओठ असे हलवत होते की जणू तिथे अजून स्क्रू आहेत.

"पण बाई," तातडींनी मान लांब करून फोटोत डोकावलं, "तातडीने लक्षात आणून देतो, तुमचा भांग तर या बाजूला..."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. भाऊजींनीही दिला, दुसऱ्या पायावर. तातडींचं त्या सकाळचं दुसरं वाक्य अर्धवट राहिलं.

"थोडा धुरकट आलाय," भाऊजींनी मात्र राहवेना म्हणून सांगितलंच. प्रामाणिक माणूस. "ॲक्रिलिक आकसलं जरा."

"असू दे. मला असाच दिसतो माझा चेहरा," अक्का म्हणाली. "हाच लावायचा. तो ओरडणारा घेऊन जा, आणि परत आणू नका."

तातडींनी सहलीची गुंडाळी काखेत मारली आणि नव्या फोटोसाठी हात पुढे केला. भाऊजी तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसत होते. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली, म्हटलं, "जिंकलात, भाऊजी!" त्यांनी नुसतीच मामलेदारांची दाढ प्रेमाने एकदा फिरवली.

अक्का फोटो तातडींच्या हातात ठेवता ठेवता थांबली. पुन्हा एकदा तिने तो डोळ्यांजवळ आणला.

"अहो," ती म्हणाली, "माझा चष्मा द्या बघू जरा."